पांढऱ्यावरचा ठिपका

फादरनी ख्रिस्तशरीर दोन्ही हातांनी वर उचललं, घंटा वाजली, सगळं चर्च गुडघ्यांवर होतं, आणि मला त्या पांढऱ्याशुभ्र चकतीच्या बरोबर मध्यभागी एक करडा ठिपका दिसला. मनात पहिला शब्द आला तो ‘रिजेक्ट’. प्रार्थनेचा शब्द नंतर आला, तोही सवयीने, आणि तोवर चकती खाली गेली होती. मी इकडेतिकडे पाहिलं. पुढे केरळच्या नर्सांची रांग, डोक्यांवर ओढण्या, माना खाली; त्यांच्यापुढे फिलिपिनो कुटुंबं; आणि माझ्या शेजारी अँजेलीन, माझी बायको, डोळे मिटून ओठ हलवत. कुणालाही काही दिसलं नव्हतं. मला हसू आलं. लोकांना दिसत नाही हे मला नवीन नव्हतं. लोकांना दिसत नाही म्हणूनच तर मला पगार मिळतो.

माझं काम सांगायला सोपं आणि ऐकायला हास्यास्पद आहे. नोव्हेंबरात इथे, कतारमध्ये, फुटबॉलचा वर्ल्ड कप आहे, आणि या लोकांनी ठरवलंय की माणसाची नजर जाईल तिथे पडदा हवा. स्टेडियमच्या बोळांत, हॉटेलच्या लिफ्टमध्ये, मुतारीत उभं राहिलं की नाकासमोर. ते चपटे पडदे जहाजाने येतात, अल रय्यानच्या बाहेर आमच्या कंपनीच्या गोदामात उतरतात, आणि तिथे काळ्या कापडाच्या तंबूत मी बसलेला असतो. समोर एकेक पडदा लावला जातो. त्यावर चित्र नसतं, नुसता रंग असतो, आधी लाल, मग हिरवा, निळा, पांढरा, शेवटी काळा. असा पडदा लाखो बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो आणि त्यातला एखादा मेलेला निघतो. सगळे पेटले तरी तो पेटत नाही. तो मी शोधतो. सापडला की बोलायचं नाही, लाल टिकली चिकटवायची आणि पुढचा मागवायचा. ही पद्धत माझीच. आधी नजर मध्यावर रोवायची, हलवायची नाही, पडद्यालाच आपल्यापाशी येऊ द्यायचं. मग कडा. अशी वर्षं काढली की माणूस कामाचा उरतो, पण माणसांत बसायच्या लायकीचा उरत नाही. धुतलेली चादर अंथरली तरी मला आधी डाग दिसतो. लग्नाच्या फोटोत नवरीच्या दातांत अडकलेली कोथिंबीर दिसते. आमचा मॅनेजर रॉय बोलत असला की त्याच्या कॉलरची उसवलेली शिवण दिसते आणि तो काय बोलला ते कानावर येत नाही. याचं मला वाईट वाटत नव्हतं. उलट बाकीचे सगळे आंधळे कसे जगतात याचंच नवल वाटायचं.

त्या आठवड्यात आलेला लॉट मी अख्खाच्या अख्खा नापास केला होता. पहिल्या पडद्याला पांढऱ्यावर मधोमध करडा, धूसर ठिपका. दुसऱ्याला तिथेच. तिसऱ्यालाही. लाल टिकल्या लावून लावून बोटं चिकट झाली. सगळ्यांना एकाच जागी दोष म्हणजे पाठवणाऱ्यांचा साचाच चुकला, हे मी रॉयला ऐटीत सांगितलं. आता ते म्हणतील जहाजात हादरे बसले, नाचता येईना अंगण वाकडं. माझ्यानंतर दुसरी तपासणी कैवल्यची असते. पुण्याचा इंजिनिअर, तिशीतला, प्रत्येक वाक्यात ‘प्रोसेस’ म्हणणारा, डब्यात बायकोने दिलेली थालीपीठं एकटाच खाणारा. तो तंबूतून बाहेर आला आणि हात चोळत उभा राहिला.

‘सर, मला नाही दिसत.’

‘तुला नाही दिसणार. तुम्हा पुणेकरांना पाट्या वाचायची सवय.’

‘नाही सर, मी मॅग्निफायर लावून पाहिलं. सगळे पिक्सेल चालू आहेत. प्लीज, तुम्ही एकदा परत बघा ना.’

‘ज्याला मॅग्निफायर लागतो त्याने डोळे विकून टाकावेत,’ मी म्हणालो, आणि गोदामातले सगळे हसले. कैवल्यही हसला, पण त्याने माझ्या निकालाला होकार दिला नाही. हमालांपासून फोरमनपर्यंत सगळ्यांसमोर माझ्या शब्दाला नाही म्हणणारा तो पहिलाच. त्याचा मला मनापासून तिटकारा आला. त्याच्या त्या मऊ, चष्म्याआडच्या, सगळं ठीक दिसणाऱ्या डोळ्यांचा.

आणि आता हा ठिपका फादरांच्या हातात होता. मी भिंतीकडे पाहिलं, भिंतीवर होता. छताकडे पाहिलं, माझ्याआधी तो तिथे पोचला होता. अँजेलीनच्या पांढऱ्या रुमालावर नजर टाकली तर रुमालाच्या मधोमध. मी हळूच उजवा डोळा मिटला. नाहीसा. डावा मिटला. हजर. गुडघ्यांखालची पट्टी एकदम टणक लागली, आणि समोरचं सगळं जसंच्या तसं चालू राहिलं, गाणं, खोकला, एसीची घरघर. कुसळ-मुसळाची म्हण कुणी मला ऐकवण्याआधी मीच ऐकवून टाकतो, म्हणजे समोरच्याला तो आनंद तरी मिळणार नाही. नशीब, त्या शुक्रवारी बायबलमधला पाठ मेंढरांविषयी होता; इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही शुक्रवारी. रांगेत जाऊन मी जीभ पुढे केली, चकती टाळूला चिकटली. चव होती तीच होती.

बाहेर मंडपात आम्हा वसईकरांचा नेहमीचा घोळका जमला होता. कुणाला तिकिटाची लॉटरी लागली, कुणाचा भाचा स्वयंसेवक झाला, कोण फायनलला रिकाम्या खुर्चीत घुसणार. जन्मात पायाने चेंडू न ढकललेली माणसं. एकाने मला विचारलं, ‘सेबू, तुझ्या पडद्यांवर आम्ही दिसू का रे?’ मी म्हणालो, ‘दिसाल, पण आवाज बंद ठेवायला सांगेन.’ तो हसला. त्याचं हसणारं तोंड मला दिसलं नाही. दोन्ही डोळे उघडे असूनही तोंडाच्या जागी पाणी लागलेल्या कागदासारखं काहीतरी होतं आणि त्याभोवती कान, केस, शर्टाचा पट्टेरी खांदा नीट होते. मी पार्किंगकडे चालायला लागलो.

आम्ही राहतो त्या अल वक्राच्या रस्त्याला लागल्यावर अँजेलीनने सँडल काढून पाय वर घेतले. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे आणि शुक्रवारी परतीच्या वाटेवर आठवडाभराचे पेशंट मला सांगते. त्या दिवशी एक नेपाळी गवंडी होता, पायाची जखम महिनाभर लपवून ठेवलेला. ‘लोक उशिरा येतात रे,’ ती म्हणाली, ‘त्याचंच वाईट वाटतं. लाजतात कशाला कोण जाणे.’ हे वाक्य ती दर आठवड्याला म्हणते. मी दर आठवड्याला मनात म्हणतो, हिला दुसरं वाक्य शिकवलेलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खेळाडूंची इमारतभर उंच चित्रं लावलेली होती आणि ज्याच्या चेहऱ्याकडे पाहावं त्याचं नाक जात होतं.

‘आमच्याकडे तो कैवल्य आहे ना,’ मी म्हणालो, ‘त्याला म्हणे एक ठिपका दिसतो. सगळीकडे. एकाच डोळ्याला.’

ती एकदम सरळ बसली. ‘मधोमध? करडा? रेषा वाकड्या दिसतात का त्याला?’

‘मला काय माहीत.’

‘त्याला उद्याच्या उद्या पाठव. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं काहीतरी असणार. लवकर आला तर बहुतेकांचं उतरतं. अंगावर काढलं तर डाग राहतो तो राहतो.’ मग म्हणाली, ‘आणि असल्या माणसाला तुम्ही पडदे बघायला बसवता?’

उत्तर द्यायला नको म्हणून मी गाडी पुढच्या ट्रकच्या फार जवळ नेली. तेवढ्यात रॉयचा फोन आला आणि गाडीभर त्याचा आवाज पसरला. रॉय मुंबईचा, त्याचं मराठी कामापुरतं. ‘सॅबी, मोठा लफडा झाला मॅन. सप्लायर बोलतो लॉट क्लीन आहे. तो तुझा कैवल्य पण तेच बोलतो. मी सांगितलं, आमचा सबॅस्टियन बोलला म्हणजे खलास. पण मला संध्याकाळपर्यंत तुझा शब्द पाहिजे. तू फर्म आहेस तर लॉट परत, आणि त्या पोराला पण मी घरी पाठवतो. तुला क्रॉस करतो म्हणजे काय? यल्ला, चल, विचार करून सांग.’ मी म्हटलं, विचार कसला करायचा, पण सांगतो. अँजेलीन माझ्याकडे बघत होती. ‘ज्याला ठिपका दिसतो तोच म्हणतो लॉट क्लीन आहे?’ ती म्हणाली. तिला मी कधी हुशार मानलं नव्हतं. मी रेडिओ लावला.

वसईतल्या गास गावी आमच्या घरी जो टीव्ही होता त्याला पाठ होती. लाकडी कपाटातला, पुढे सरकती दारं, मागे हातभर लांब कुबड. माणूस नुसता रुंद नसतो, जाडही असतो, तसा. चालू केला की आधी आवाज यायचा आणि काच तापून चित्र यायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात बाबा खुर्च्या मांडायचे. शहाऐंशीच्या वर्ल्ड कपला आळीतली माणसं ओट्यावर आणि खिडकीत बसून सामने बघायची, बायका चहा फिरवायच्या. चित्र वरखाली धावायला लागलं की बाबा उठायचे आणि मागून एक सणसणीत थाप मारायचे. चित्र जागेवर. ‘पाठीत घातली की सुधारतं,’ असं ते म्हणायचे, टीव्हीबद्दल आणि माझ्याबद्दलही. मागे हात घातला की ऊब लागायची, तापलेल्या धुळीचा वास यायचा, तिथे एक पाल राहायची. पुढे मी असल्याच टीव्हींच्या काचेच्या नळ्या, म्हणजे पिक्चर ट्यूब, बनवणाऱ्या कारखान्यात लागलो, तपासनीस म्हणून, आणि तिथेही एका रंगाची कड दुसऱ्यात सांडलेली मला सगळ्यांच्या आधी दिसायची. मग चपटे आले. कारखान्याचं दार बंद झालं त्या दिवशी साहेबांनी आम्हाला पेढे वाटले, कशाचे ते त्यांनाही माहीत नसावं. ज्याने माझा कारखाना खाल्ला त्याच्याच पुढ्यात बसून आज मी जेवतो. त्याला पाठ नाही, ऊब नाही, थाप मारायला जागा नाही. भिंतीला टांगलेला उजेड आहे नुसता, आणि त्याच्यापुढे बसून बसून माणसंही तशीच झाली आहेत, समोरून झगझगीत आणि मागे काही नाही. हे मी सगळ्यांना सांगत असतो. त्या दुपारी गाडी लावताना मला आठवलं की बाबांना मी कधी हे विचारलं नाही, की कारखाना बंद झाल्याचं मी त्यांना सांगितलं तेव्हा ते माझ्या पाठीवर हात ठेवून इतका वेळ का उभे होते.

जेवायला वक्राच्या बाजारातला हमूर होता, वसईच्या मसाल्यात. भाताच्या ढिगावर ठिपका, माशाच्या पांढऱ्या तुकडीवर ठिपका. काटा दिसेना म्हणून मी मान किंचित वाकडी करून कडेच्या नजरेने मासा सोलत होतो. समोर जॅनेट, माझी मुलगी, लॅपटॉप ताटाला टेकवून बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. शाळेत वर्ल्ड कपनिमित्त प्रोजेक्ट होतं आणि तिला विषय मिळाला होता, चपट्या पडद्याचा शोध.

‘सो, पप्पा, हू इन्व्हेंटेड इट?’

‘कुणी नाही. बाप नसलेलं पोर आहे ते.’

‘नीट सांग तिला,’ अँजेलीन म्हणाली. ‘मार्क आहेत त्याला.’

मग मी सांगितलं. मला हे सांगायला आवडतं, कारण त्यात कुणीच शहाणा निघत नाही. तिकडे युरोपात, खूप वर्षांपूर्वी, झाडापाल्याचा अभ्यास करणाऱ्या एका माणसाने गाजरातून काढलेला पदार्थ तापवला. तो दोनदा वितळला, आधी गढूळ झाला, मग नितळ. पाण्यासारखा वाहायचा, पण आतून स्फटिकासारखा शिस्तीत उभा. लोकांनी पाहिलं, वा म्हणाले आणि विसरून गेले, दोन पिढ्या. मग अमेरिकेत, टीव्हीच्या नळ्या विकून गबर झालेल्या एका कंपनीत, काही जणांनी तसलाच पदार्थ दोन काचांमध्ये भरला, वीज दिली, आणि नितळ काच गढूळ झाली. वीज काढली, पुन्हा नितळ. म्हणजे भिंतीवर टांगायचा टीव्ही त्यांच्या टेबलावर पडला होता. त्यांनी पेपरवाल्यांना बोलावून दाखवलासुद्धा. पण वरच्या साहेबांचं पोट नळ्यांवर चालत होतं. त्यांनी पाहिलं आणि ते काम हळूहळू थंड होऊ दिलं. शेवटी जपान्यांनी तो पदार्थ कॅल्क्युलेटरात घातला, मनगटी घड्याळात घातला, आणि वाढवत वाढवत नळीच गिळली.

जॅनेट टाइप करायची थांबली. ‘वेट. दे सॉ इट फर्स्ट, अँड दे जस्ट प्रिटेन्डेड दे डिडन्ट?’

‘साहेब लोक तसेच असतात,’ मी म्हणालो.

‘बट व्हाय? वेअर दे स्केअर्ड?’

मी तोंडातला काटा बोटाने काढत राहिलो. काटा नव्हताच. घाबरले होते, दुसरं काय. इतकी वर्षं मी ही गोष्ट त्या साहेबांना हसण्यासाठी सांगत आलो आणि आता तिच्यात माझ्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवलेली निघाली. डोळ्याची भीती होतीच, पण खरी भीती तिच्या मागे बसली होती. डोळा गेला तर मी कोण? कॉलरच्या शिवणीपलीकडे ज्याला लोकांचं बोलणं ऐकू येत नाही असा एक रागीट म्हातारा, एवढंच. रॉयला ‘फर्म आहे’ म्हटलं की दोन शब्दांत सगळं मिटणार होतं. लॉट परत जाईल, पुणेकर परत जाईल, दुसरा लॉट येईल, आणि त्यात मी माझा ठिपका वजा करून बघायला शिकेन. मला ते जमलं असतं. माझा स्वतःवर तेवढा विश्वास होता.

‘पप्पा, डू द टेस्ट फॉर माय व्हिडिओ,’ जॅनेट म्हणाली. तिने हॉलमधला टीव्ही लावला. वर्ल्ड कपसाठी अँजेलीनने सेलमध्ये आणलेला, मोठा. मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं, दिवसभर तेच बघून घरी कोण बघतो. जॅनेटने तो पांढरा केला, खिडकीचे पडदे ओढले आणि फोन माझ्यावर रोखला. मी खुर्ची मधोमध घेतली. नजर रोवली. माझा ठिपका आला, जागेवर बसला. तो मी वजा केला. मग कडा, कोपरे, डावीकडून उजवीकडे. पांढरं, पांढरं, सगळं पांढरं.

‘क्लीन आहे,’ मी म्हणालो. ‘पास.’

जॅनेटने फोन खाली केला आणि आईकडे पाहिलं. अँजेलीन स्वयंपाकघराच्या दारात फडक्याला हात पुसत उभी होती, ती पुसायची थांबली.

‘पप्पा,’ जॅनेट हळू आवाजात म्हणाली, आणि कधी नव्हे ती मराठीत, ‘तिथे आहे ना. काळा. मोठा आहे.’ ती पुढे जाऊन टीव्हीपाशी उभी राहिली आणि तिने बोट ठेवलं. मी बोटाच्या टोकाकडे पाहिलं. बोटाला टोक नव्हतं.

‘पहिल्या दिवसापासून आहे,’ अँजेलीन म्हणाली. ‘आम्ही तुला सांगितलं नाही.’

‘का?’

‘तू मला बोलला असतास. महिनाभर बोलला असतास.’

हे तिने रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. पण ती पाऊस येईल, छत्री घे म्हणतात तशा आवाजात म्हणाली. त्या दोघी आपल्याच घरात टीव्हीवरचा एक ठिपका माझ्यापासून लपवून जगत होत्या, आणि मला वाटत होतं की या घरात सगळ्यात जास्त मला दिसतं. मला लाज वाटली. आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली, पण तेव्हा वाटली. टेबलावर फोन थरथरायला लागला. रॉय. कुणी उचलला नाही.

अँजेलीन माझ्यापुढे येऊन गुडघ्यांवर बसली, हॉस्पिटलात बसत असेल तशी. तिने तळहात माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला. हाताला मसाल्याचा आणि साबणाचा वास होता.

‘माझ्याकडे बघ. कान दिसतात?’

‘दिसतात. एक कानातलं उलटं घातलंयस.’

‘असू दे. कपाळ?’

‘थोडं.’

‘नाक? तोंड?’

मी बघत राहिलो. जिथे ती बोलत होती तिथे काहीच नव्हतं. वीस वर्षं ज्या चेहऱ्यात मी चुका शोधल्या, तो चेहरा मला हवा होता आणि तो तिथे नव्हता.

‘नाही,’ मी म्हणालो.

तिचा हात हलला नाही. ‘म्हणजे ठिपका कैवल्यला दिसत नाही.’

‘नाही. मला दिसतो.’

‘आपण आत्ता निघतोय,’ ती म्हणाली. ‘जॅनेट, पप्पांचे बूट आण.’

फोन थांबून पुन्हा थरथरायला लागला. मी चाचपडत तो उचलला, कानाला लावला. रॉय पलीकडे बोलायला लागला तसं मी त्याला थांबवलं.

‘लॉट क्लीन आहे,’ मी म्हणालो. ‘त्या पुण्याच्या पोराचं बरोबर होतं.’